वीस मोजा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

डॉक्टरांनी बाबांच्या नोंदी ठेवायला सांगितलं आहे. काय खाल्लं, किती झोपले, कशाने बिथरले, कशाने शांत झाले. माझी बायको नीरजा म्हणाली, मोबाइलवर लिही. मला वही बरी वाटते. तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवतो आहे. जे कागदावर नाही ते घडलं नाही, असं पहिल्या तासाला मुलांना सांगत आलो.

सदाशिव अंबडकर, निवृत्त विंग कमांडर, वय एक्क्याऐंशी. एकाहत्तरच्या युद्धात बॉम्बफेकी विमानाचे पायलट. शौर्यपदक. माझे वडील. आज सकाळी त्यांना माझं नाव आठवलं नाही. नीरजाला सिस्टर म्हणाले आणि पाणी मागितलं.

दुपारी सत्कार समितीचे लोक येऊन गेले. सोळा डिसेंबरला, विजय दिवसाला, नाट्यगृहात सत्कार. सव्वीस जानेवारीला आमच्या घराजवळच्या चौकाला बाबांचं आणि त्यांच्या नॅव्हिगेटरचं नाव. अंबडकर–तुपे चौक. पुस्तिका मी लिहायची. बाबांनी मंचावर दोन वाक्यं बोलावीत, एवढीच त्यांची अपेक्षा. मी हो म्हटलं.

जेवण : अर्धी पोळी, दूध.

५ नोव्हेंबर

पुस्तिकेसाठी प्रशस्तिपत्र काढलं. काढायची गरज नव्हती, मला पाठ आहे. शाळेत दर पंधरा ऑगस्टला मला झेंड्याच्या दोरीजवळ उभं करून ते वाचून दाखवत.

विमानात माणसं दोनच. पायलट वर, काचेच्या घुमटाखाली. नॅव्हिगेटर खाली नाकाडात, नकाशे आणि निशाणाचं यंत्र घेऊन. पायलटला तो दिसत नाही. कानात त्याचा आवाज येतो, तेवढाच. पायलटच्या खुर्चीखाली स्फोटक असतं. डोक्यावरचं हँडल दोन्ही हातांनी ओढलं की जाड पडदा तोंडावर येतो आणि खुर्ची माणसासकट बाहेर फेकली जाते. नॅव्हिगेटरला अशी खुर्ची नाही. त्याने पाठीला छत्री बांधून दाराशी रांगत यायचं, दार सोडवायचं, उडी मारायची. म्हणून आधी तो, मग पायलट. तो 'निघालो' म्हणतो आणि कानाची तार काढतो. मगच पायलटने हात वर न्यायचे.

शत्रूच्या बंदरावरच्या तेलसाठ्यावर बॉम्ब टाकून परतताना तोफेचा गोळा लागला, उजवा पंख पेटला. 'सहकारी बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत अंबडकर यांनी जळते विमान सोडले नाही.' हे ते वाक्य. बाबांना पहाटे खाडीत मच्छीमारांनी उचललं. नॅव्हिगेटर कडूबा तुपे सापडले नाहीत. विमानही नाही.

७ नोव्हेंबर

आंघोळीनंतर अंग पुसायला टॉवेल दिला. बाबांनी दोन्ही हात डोक्यावर नेले, टॉवेल खसकन तोंडावर ओढला आणि तसेच बसून राहिले. टॉवेलच्या आतून बोलले.

"वीस मोजा म्हणाला. मी सातला ओढलं."

मी विचारलं, कोण म्हणाला.

"कडूबा. दार अडकलं होतं त्याचं. 'वीस मोजा साहेब, तेवढ्यात उघडतो.' मी सातपर्यंत मोजलं."

नीरजा दारात उभी होती. बाबांना कपडे घालून झाल्यावर ती म्हणाली, ते खरं सांगताहेत. मी तिला समजावलं : लेखी साधन वर, तोंडी साक्ष खाली, आणि स्मृती गेलेल्या माणसाची साक्ष सगळ्यांत खाली.

"मंदार, मी तुझ्या वर्गात बसलेली नाही," ती म्हणाली.

१० नोव्हेंबर

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, सोबती गेला आणि आपण उरलो याचं ओझं अशा माणसांना असतं. बोलू द्या त्यांना. कोणाला काही सांगावंसं वाटत असेल तर सांगू द्या. यातला पहिला भाग बरोबर आहे. दुसऱ्या भागाबद्दल एवढंच, की डॉक्टरांना सोळा डिसेंबर माहीत नाही.

११ नोव्हेंबर

साडेपाचचं विमान चिकलठाण्याला उतरताना आमच्या गच्चीवरून जातं. बाबा वेताच्या खुर्चीत होते. हातातली काठी त्यांनी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली, विमानाचा दांडा धरावा तशी.

"कडूबा, आहेस?"

थांबले. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना आवाज फाटला. वरणभाताची वाटी भिंतीवर गेली. मी भिंत पुसत होतो. काय सुचलं कोण जाणे, पाठमोराच म्हणालो, "आहे. सरळ चला."

बाबा शांत झाले. नवी वाटी आणली ती पूर्ण खाल्ली. शेवटचा घास गिळून म्हणाले, "आज 'आहे' म्हणतोस? मोठा शहरातला झालास."

उपाय सापडला. नोंद करून ठेवतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

लासूर स्टेशनच्या अलीकडे तुप्यांची वस्ती आहे. निमंत्रण द्यायला गेलो होतो. कडूबांच्या पत्नी वच्छलाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मुलगा गोकुळ त्रेपन्न. बाप गेला तेव्हा तो पोटात होता. अंगणात कापसाचा ढीग, त्याच्या बाजूला मला खुर्ची दिली. चौकाचं सांगितलं.

"चौकाचं काय करू लेकरा? मी काय चौकात ऱ्हाते?" बाई म्हणाल्या.

गोकुळ म्हणाला, मरणारा आमचा होता, मग नाव मागं काहून? मी म्हटलं, वर्णानुक्रमाने आहे. तो हसला. "लई बरं झालं, तुमचं आडनाव अ वरून निघालं."

बाईंनी सांगितलं ते असं : बारा वर्षं कुंकू लावलं. लोक म्हणत, तिकडच्या तुरुंगात असेल. कैद्यांच्या याद्या येत, कोणी वाचून दाखवी, नाव नसे. तेराव्या वर्षी भावकीने ठरवलं. पळसाच्या पानांचा पुतळा करून कायगावला गोदावरीच्या काठी त्याला अग्नी दिला. "माणसायेवढा केला व्हता. उंची मला इचारली. मी हातानं दावली." त्या दिवशी बांगड्या फोडल्या. पुस्तिकेसाठी हा मजकूर चांगला आहे. सांगताना त्यांच्या आवाजात काही हललं नाही. तिथे थोडं भरावं लागेल.

निघताना त्या जीपच्या रस्त्यापर्यंत आल्या, माझी गाडी तिथे होती. म्हणाल्या, "मला भाऊजींना एकच इचारायचंय. शेवटाला काय बोलला त्यो. चोपन्न वर्सं झाली. ते एकदाबी वस्तीवर आले नाय. मी म्हन्लं, मोठे सायब, नसंल येळ."

मी सांगितलं, 'निघालो' म्हणाले आणि उडी मारली. प्रशस्तिपत्राची प्रत दाखवली. त्यांनी हातात घेतली, उलटून मागची कोरी बाजू पाहिली, परत दिली.

"ह्यो कागद बोलतो. त्यांना बोलू दे."

पिशवीभर सीताफळं दिली. येताना गाडीत गोकुळचा आवाज कानात होता. बापाचा तसाच असणार. मिटमिट्याच्या सिग्नलला म्हणून पाहिलं : हाय. सरळ चला.

१७ नोव्हेंबर

सीताफळं कोणी दिली हे नीरजाने बाबांना सांगितलं. सांगायला नको होतं. बाबा उठले, कपाटातला ब्लेझर काढून पायजम्यावर घातला, बटणं उलटसुलट लावली. "वहिनीला सांगायला जायचंय. आजच." मी म्हटलं, सोळा तारखेला भेटणारच आहेत. "तोपर्यंत माझ्या लक्षात राहणार नाही," ते म्हणाले.

एवढं स्वच्छ वाक्य महिनाभरात ऐकलं नव्हतं.

त्यांचे बूट माळ्यावर टाकले. बाहेरच्या दाराला आतून कुलूप.

२० नोव्हेंबर

वाक्यं पक्की केली. 'कडूबा निघाल्याशिवाय मी विमान सोडलं नाही. हा सन्मान आम्हा दोघांचा.'

पद्धत : चहा-बिस्किट समोर ठेवायचं. वाक्यं बरोबर आली तर द्यायचं, चुकली तर कप आत न्यायचा. आज कप सहा वेळा आत गेला. सातव्यांदा आणला तेव्हा गार होता. नीरजाने मधेच येऊन नवा चहा करून त्यांना दिला. मला विचारलं नाही. यामुळे पद्धत बिघडते. तिला तसं सांगितलं.

२४ नोव्हेंबर

वाक्यं येतात. पण दुसरं संपलं की ते थांबतात आणि म्हणतात, "पण सात."

आजपासून 'पण सात' म्हटलं की श्रवणयंत्र काढून घेतो. यंत्राशिवाय त्यांना काहीच ऐकू येत नाही. मग ते कडूबाला हाका मारतात आणि उत्तर आलं तरी कळत नाही. पंचवीस मिनिटं टिकले. मग माझा हात धरून गयावया करू लागले. कोणाला करत होते ते सांगता येत नाही.

मला हे आवडत नाही, इथे लिहून ठेवतो. कधी वाटतं, खरंच सात असेल तर? असेना. म्हातारीला त्याने काय मिळणार? तिने एक पुतळा जाळून संपवलं आहे. आणि मी. मी आयुष्यात सांगण्यासारखं काही केलेलं नाही. मला बाबा आहेत.

२ डिसेंबर

साडेपाचचं विमान. बाबांनी काठी धरली. "कडूबा, आहेस?"

"हाय. सरळ चला."

"दार उघडलं का?"

एरवी मी पुन्हा 'सरळ चला' म्हणतो. आज त्यांचा चेहरा पाहिला आणि म्हणालो, "उघडलं. निघालो साहेब."

काठीवरची बोटं एकेक करून सुटली. मग विचारलं, "छत्री?"

"उघडली."

बाबा रडले. खुर्चीतच झोपी गेले, गोळी न घेता. मीही स्वयंपाकघरात जाऊन रडलो. चोपन्न वर्षांचं ओझं दोन शब्दांत उतरलं. हे डॉक्टरांना जमलं नसतं. मुलालाच जमतं.

नीरजा भांडी लावत होती. ती म्हणाली, "आता त्यांच्याकडे काहीच उरलं नाही." थकली आहे. तिची झोप होत नाही.

९ डिसेंबर

'पण सात' बंद. आठवडाभरात एकदाही नाही. भूक चांगली. वजन दीड किलोने वाढलं. वाक्यं बिनचूक. आज स्वतःहून भर घातली : "छत्री उघडली. पांढरी. मी पाहिली." हसले. त्यांना हसताना पाहून मी यंत्राची बॅटरी नवी घातली.

१६ डिसेंबर, मंगळवार

नाट्यगृह भरलेलं. शाळांची मुलं, एनसीसी, माजी सैनिक. बाबा ब्लेझरमध्ये, पदक छातीवर. वच्छलाबाई पांढऱ्या लुगड्यात, दुसऱ्या खुर्चीवर. मंचावर चढताना त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला. बाबा मुलांकडे बघून हात हलवत होते.

दोन वाक्यं झाली. टाळ्या. मी विंगेतून खूण केली, बसा. बाबा बसले नाहीत. माइक हातात घट्ट धरून बाईंकडे वळले.

"वहिनी, तो निघाला. मी ऐकलं. छत्री उघडली. पांढरी. किनाऱ्याकडे जाताना मी पाहिली."

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. मागे कोणी घोषणा दिल्या. बाई उभ्या राहिल्या नाहीत. त्या बाबांच्या तोंडाकडे बघत होत्या, बहिरं माणूस बघतं तसं. मग उठून माइकसमोर न जाता बाबांजवळ गेल्या आणि विचारलं, "किनाऱ्याला लागला?"

"लागला असणार," बाबा म्हणाले. "पोहायला यायचं त्याला."

खाली उतरल्यावर एका माजी सैनिकाने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. आजच्यासारखा दिवस मी पाहिला नव्हता. घरी आल्यावर बाबांना दोन गुलाबजाम दिले.

१९ डिसेंबर

गोकुळचा फोन. आवाज चढलेला. आईने कासारणीला बोलावून हिरव्या बांगड्या भरल्या. कुंकू लावलं. भावकीतल्या बायका दार लावून घेतात. तिने ट्रंकेतून बापाचा गणवेश काढून उन्हात घातला आहे.

"तिला काय सांगितलं तुमच्या वडलांनी? त्याला अग्नी मी दिला, बारा वर्सांचा व्हतो मी. मंग म्या कुणाला जाळलं?"

मी म्हटलं, पुतळ्याला. त्याने फोन ठेवला. माझं उत्तर चुकीचं नव्हतं.

२६ डिसेंबर

वच्छलाबाई आल्या होत्या. एसटीने, एकट्या. कपाळावर मोठं कुंकू. मला एक अर्ज लिहून हवा होता, सरकारला : साक्षीदार सापडला आहे, तिकडच्या तुरुंगांत पुन्हा शोध घ्यावा. वय ब्याऐंशी लिहा म्हणाल्या, आता तेवढा असंल. डाव्या भुवईवर खोक हाय.

मी लिहून दिला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. भाषा जुळून आली आहे. त्यांच्या समाधानापलीकडे त्याचा उपयोग नाही, पण समाधान ही लहान गोष्ट नव्हे. जाताना त्यांनी बाबांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर सहसा नसते अशी चमक होती. नीरजा त्यांच्यासमोर थांबलीच नाही. गच्चीत जाऊन उभी राहिली. नंतर म्हणाली, तू तरी सांग त्यांना, नाहीतर मी सांगेन. मी म्हटलं, काय सांगणार? तुझ्याकडे कागद आहे का?

४ जानेवारी २०२६, रविवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी साडेनऊ. मी बाथरूममध्ये दाढी करत होतो, दार लोटलेलं. बाबांनी हाक मारली, "कडूबा, आहेस?" दिवसातून आठ-दहा वेळा येते. मी न थांबता उत्तर दिलं, "हाय. सरळ चला." "निघालास का?" "निघालो साहेब. छत्री उघडली."

बाहेर काहीतरी पडलं. तोंडाला साबण तसाच, बाहेर आलो. वच्छलाबाई बैठकीत उभ्या होत्या. पायाशी पेरूंची पिशवी, पेरू सोफ्याखाली गेले होते. नीरजाने त्यांना आत घेतलं होतं, मला हाक मारली नव्हती.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ह्ये तू बोलतोस व्हय?"

मी म्हटलं, काकू, त्यांना बरं वाटावं म्हणून. डॉक्टरांच्या सल्ल्याने.

"आन् 'निघालो'? ते बी तूच?"

मी टॉवेल शोधत होतो.

त्या बाबांच्या खुर्चीमागे गेल्या. बाबांना त्या दिसत नव्हत्या. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, वाकून, यंत्राच्या बाजूच्या कानात बोलल्या. जाड, खालच्या आवाजात. तो त्यांचा आवाज नव्हता. मी इतके दिवस काढत होतो तोही नव्हता.

"साहेब. हाय मी."

बाबा ताठ झाले. काठी गुडघ्यांत आली. मी दोन महिने उत्तरं दिली. असं कधी झालं नव्हतं.

"कडूबा?"

"व्हय."

"दार?"

"तुमी सांगा. काय झालं दाराचं?"

बाबांनी सांगितलं. सगळं, न अडखळता, मोहिमेचा अहवाल द्यावा तसं. उंची, वेग, उजवा पंख. निघ म्हणालो. दार अडकलंय म्हणालास. वीस मोजा साहेब, तेवढ्यात उघडतो. मी एक म्हणालो. दोन म्हणालो. खालून तू दाराला लाथा मारतोस ते मला पायात लागत होतं. सात म्हणालो. पंख वाकायला लागला. मग हात वर गेले.

"मंग?"

"तू 'साहेब' म्हणालास. वाक्य पुरं झालं नाही. मी ओढलं."

नीरजाने तोंडावर हात घेतला. मी बाईंना म्हटलं, हा भ्रम आहे, प्रशस्तिपत्रात तसं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. शेवटाला काय बोलला, हे त्यांना विचारायचं होतं. ते त्यांना कळलं.

त्यांनी बांगड्या काढायला सुरुवात केली. भरून पंधरा दिवस झाले होते, हात सुजलेला, निघेनात. तरी फोडल्या नाहीत. थुंकी लावून एकेक ओढली. टीपॉयवर बाबांचं पदक डबीत ठेवलेलं असतं, त्याच्या बाजूला मांडल्या. कुंकू पदराने पुसलं. याला बराच वेळ लागला. बाबा काठी धरून थांबले होते.

मग त्या पुन्हा कानाशी वाकल्या.

"साहेब, मोजा आता."

"निघालास का?"

"नाय. बसलोय अजून. दार अडकलंय. वीस मोजा."

"एक," बाबा म्हणाले.

"आन् मधी एक दुसरा आवाज येतो. 'निघालो' म्हनतो. त्यो मी न्हाय. त्याचं ऐकू नका. मी निघालो की मीच सांगीन."

"बरं," बाबा म्हणाले. "दोन."

त्या सरळ झाल्या. पेरू तसेच टाकून दाराकडे गेल्या. नीरजाने चप्पल पुढे करून दिली. मी मागे गेलो, म्हटलं, काकू, ते आजारी आहेत, असं सोडून जाऊ नका, फक्त एक शब्द म्हणा.

त्या उंबऱ्यात थांबल्या. "मी चोपन्न वर्सं मोजलं. त्यांनी विसच मोजायचंय."

नीरजा त्यांना बसस्टँडवर सोडायला गेली. ती संध्याकाळपर्यंत आली नाही. मग फोन आला, वस्तीवर मुक्काम करते म्हणाली.

५ जानेवारी

वीस झाले की बाबा विचारतात, "निघालास?" थांबतात. उत्तर येत नाही. "बरं," म्हणतात. पुन्हा एक.

मी "निघालो साहेब" म्हटलं. नेहमीच्या आवाजात. बाबा म्हणाले, "मधे बोलू नका. माझा माणूस आत आहे."

खाल्लं नाही. हात काठीवरून सुटत नाहीत. चमचा तोंडाशी नेला तर मान फिरवतात, समोर बघायचं असतं. खुर्चीतच ओले झाले.

६ जानेवारी

गोकुळला फोन केला. आईला द्या म्हटलं. तो म्हणाला, आई कापूस वेचतीया. एक शब्द फोनवर म्हणू दे त्यांना, म्हटलं. विचारून येतो म्हणून त्याने फोन ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

यंत्र काढून पाहिलं. फरक नाही. ते ऐकू न येताच मोजतात. आता थांबतात मात्र जास्त.

डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात हलवा. खुर्चीतून उचलायला गेलो तर बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला ओळखलं. नाव घेऊन म्हणाले, "मंदार, आत्ता नको. मी सोडलं तर तो जाईल."

काठी सोडवायचा प्रयत्न केला. त्यांच्या तर्जनीचं नख निघालं. सोडलं नाही.

८ जानेवारी

नळाला पाणी आलं, आठ दिवसांनी. टाकी भरून घेतली.

डॉक्टर घरी येऊन सलाइन लावून गेले, काठी धरलेल्या हाताला. बोटं काळीनिळी. आवाज जवळजवळ नाही, ओठांवरून आकडा कळतो. सातला दर वेळी थोडे थांबतात. डोळे घट्ट मिटतात. हात वर जात नाहीत. मग आठ.

अकराच्या सुमाराला समितीच्या चिटणिसांचा फोन. चौकातल्या फलकाचा दगड आला आहे, कोरणारा बसला आहे, मजकूर एकदा वाचून दाखवतो म्हणाले. वाचला. 'सहकारी बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत त्यांनी जळते विमान सोडले नाही.' तुम्ही इतिहासाचे, म्हणाले, तपशील बरोबर आहे ना? एकदा दगडावर गेलं की गेलं.

बाबा एकोणिसावर होते. वीस झाले. ओठ हलले, निघालास? थांबले. मान किंचित हलली. पुन्हा एक.

मी म्हटलं, बरोबर आहे. कोरायला घ्या.